मुलगी प्लेजला उभी राहत नाही

पत्राचा गोषवारा : हे वाचक मूळचे सातारा जिल्ह्यातले असून गेली ११ वर्षे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टेक्सासमधील एका उपनगरात राहतात. ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर आहे, त्या कार्डाची रांग मात्र हलत नाही. मुलगी १५ वर्षांची; जन्म पुण्यातला, ४ वर्षांची असताना इथे आली, अजून एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे. या सत्रापासून ती शाळेत रोज सकाळी होणाऱ्या ‘प्लेज ऑफ अलीजियन्स’ला, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजनिष्ठेच्या शपथेला, जागेवरून उठत नाही. तिचे म्हणणे असे : “मी या देशाची नागरिक नाही, कधी होईन की नाही हे कोणी सांगत नाही, मग निष्ठेची शपथ खोटी कशाला घेऊ?” व्हाइस प्रिन्सिपलांचा ई-मेल आला आहे की मुलीने प्लेज म्हणावी, नाहीतर पालकांनी लेखी सूट मागावी. आई म्हणते, पत्र देऊन टाका. वडील म्हणतात, “आपण इथे पाहुणे आहोत, अर्ध्या मिनिटाने काय बिघडते? आणि उद्या ग्रीन कार्डच्या फायलीत हेच पत्र निघाले तर?” तिला असा हक्क खरोखर आहे का, पत्रावर सही करावी का, आणि शाळेची माफी मागावी का, असे ते विचारतात.

नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला आमच्या शाळेचे मैदान आठवले. उजवा हात समोर ताठ धरायचा, पुढच्या मुलीच्या वेणीला तो लागू द्यायचा नाही, आणि ‘भारत माझा देश आहे’ एका सुरात म्हणायचे. पाठ्यपुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांतही तीच प्रतिज्ञा असे. त्यातल्या ‘परंपरांचा पाईक’ मधला पाईक म्हणजे कोण, हे मी कितीतरी वर्षांनी विचारले. आणि ‘निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे’ हे वाक्य मी हजार वेळा तरी म्हटले असेल, पण आपण काही वचन देत आहोत असे त्या वेळी एकदाही मनात आले नाही. तुमचेही फार वेगळे नसावे. म्हणून मुलगी बसून राहते तेव्हा आपल्याला जे खुपते, त्यात अमेरिकेच्या ध्वजापेक्षा आपल्या शाळेच्या मैदानाचा वाटा जास्त आहे. ती भावना खरी आहे. तिच्याबद्दल मला आदरच आहे. मात्र तिला कायद्याच्या प्रश्नापासून वेगळी ठेवल्याशिवाय तुमच्या पत्राला उत्तर देता येणार नाही.

कायद्याचा पहिला भाग पुष्कळ जुना आहे. १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल या गावात ‘जेहोवाज विटनेसेस’ या पंथाच्या दोन भावंडांनी ध्वजाला सलामी द्यायला नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४० मध्ये ८ विरुद्ध १ अशा मतांनी शाळेच्या बाजूने निकाल लागला. त्यानंतर देशात ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. अवघ्या तीन वर्षांत, ऐन महायुद्धाच्या काळात, वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आपला निकाल ६ विरुद्ध ३ मतांनी फिरवला. तो दिवस १४ जून १९४३ होता, म्हणजे अमेरिकेचा ध्वजदिन. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी त्या निकालात जे लिहिले त्याचा आशय असा की या राज्यघटनेच्या आकाशात एखादा अढळ तारा असेल तर तो हाच : राजकारण, राष्ट्रवाद किंवा धर्म यांत कोणते मत प्रमाण मानायचे हे लहानमोठ्या कोणत्याही अधिकाऱ्याने ठरवायचे नाही, आणि नागरिकांकडून ते बळेच वदवून घ्यायचे नाही. सरकारी शाळा विद्यार्थ्याला प्लेज म्हणायला भाग पाडू शकत नाही, हा कायदा तेव्हापासून आजवर टिकून आहे.

(जाता जाता : त्या काळी अमेरिकेतली मुलेही प्लेज म्हणताना उजवा हात समोर ताठ धरत. ती सलामी नाझींच्या सलामीसारखी दिसते म्हणून १९४२ च्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, हात छातीवर आणला. आपल्या शाळांत तो अजून समोरच असतो.)

आता तुमची शंका मला इथूनच ऐकू येते : जॅक्सन ‘नागरिक’ म्हणाले, आम्ही तर नागरिक नाही. ही शंका रास्त आहे. पण राज्यघटना स्वतः शब्द तोलून वापरते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती ‘नागरिक’ हा शब्द वापरत नाही. १८६८ ची चौदावी दुरुस्ती, जिच्यामार्फत हे स्वातंत्र्य राज्यांवर आणि त्यांच्या शाळांवर बंधनकारक होते, काही हक्क नागरिकांपुरते ठेवते. परंतु कायद्याची रीतसर प्रक्रिया आणि समान संरक्षण ‘कोणत्याही व्यक्तीला’ देते. त्या ‘व्यक्ती’ शब्दाच्या जोरावर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत मोफत शिक्षण नाकारता येणार नाही. आणि ज्या राज्याचा कायदा त्या निकालाने रद्द झाला ते राज्य तुमचेच, टेक्सास. तुमची मुलगी तर पूर्ण कायदेशीर व्हिसावर आहे. शाळेच्या दारात तिचा हक्क शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन मुलापेक्षा कमी आहे, असे म्हणायला मला आधार सापडत नाही.

खरी गुंतागुंत आहे ती व्हाइस प्रिन्सिपलांच्या ‘नाहीतर’ या शब्दात. तो शब्द त्यांच्या मनातला नाही, कायद्यातला आहे. टेक्सासच्या शिक्षण संहितेच्या कलम २५.०८२ प्रमाणे शाळेत रोज अमेरिकेच्या ध्वजाची प्लेज, मग टेक्सासच्या ध्वजाची वेगळी प्लेज, आणि त्यानंतर एक मिनिट शांतता असते. पालकांनी लेखी विनंती केली तर विद्यार्थ्याला प्लेजमधून सूट द्यावीच लागते. म्हणजे शाळा सूट नाकारू शकत नाही, पण सूट मागायचा हात या कायद्याने मुलीऐवजी तुम्हाला दिला आहे. पालकांचे पत्र नसेल तर मुलाच्या स्वतःच्या नकाराला घटनेचे किती संरक्षण? फ्लोरिडातील अशाच कायद्याबद्दल तिथल्या संघराज्य अपील न्यायालयाने २००८ मध्ये अर्धे-अर्धे उत्तर दिले : पालकांच्या संमतीची अट चालेल, कारण मुलांना कसे घडवायचे हा पालकांचाही हक्क आहे; मात्र ज्याला सूट मिळाली त्याला उभे राहायलाही भाग पाडता येणार नाही. त्या न्यायालयाचा निकाल टेक्सासवर बंधनकारक नाही. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने २०१७ मध्ये प्लेजला बसून राहिलेल्या विद्यार्थिनीला घरी पाठवले, दावा दाखल झाला, २०१८ मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन स्वतः कायद्याच्या बचावाला उतरले, आणि वर्ष संपता संपता तडजोड होऊन प्रकरण मिटले. तडजोडीने प्रकरण मिटले की त्या दोन बाजूंचे काम होते, बाकीच्यांचा प्रश्न मात्र लटकत राहतो. त्या लटकत्या प्रश्नाचा पुढचा दावा आपल्या मुलीच्या नावाने व्हावा असे तुम्हाला वाटत नसेल, तर ते पत्र हाच सरळ मार्ग आहे. तुमच्या पत्नीला हे नेमके उमगले आहे.

तुमच्या भीतीकडे आता वळतो, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. प्लेजला न उठणे हे व्हिसा नाकारण्याचे किंवा हद्दपारीचे कारण इमिग्रेशन कायद्यात कुठेही नाही. ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यातला आय-४८५ हा अर्ज गुन्हे, अटक, संघटनांचे सदस्यत्व असे पुष्कळ विचारतो. प्लेजबद्दल विचारत नाही. शाळेतल्या विद्यार्थ्याच्या नोंदींना १९७४ पासून संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि पालकांचे असे पत्र शाळा इमिग्रेशन खात्याला कळवत बसत नाही. इतके आश्वासन मी मोकळेपणाने देऊ शकतो.

पण शाळेचे दार आणि इमिग्रेशनचे दार ही दोन वेगळी दारे आहेत, आणि दुसऱ्या दाराशी घटनेचा आवाज नेहमीच थोडा क्षीण झालेला आहे. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गोदी कामगार नेत्याची हद्दपारी रद्द करताना, इथे राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य आहे असे सांगितले. १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने पूर्वी कधीतरी कम्युनिस्ट पक्षात असलेल्यांची हद्दपारी मान्य केली. अलीकडचेच पाहा. २०२५ च्या वसंतात काही परदेशी विद्यार्थ्यांना आणि अभ्यासकांना त्यांच्या राजकीय मतांवरून पकडण्यात आले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवा खात्याने, ज्या अर्जांत अधिकाऱ्याला विवेकाधिकार आहे त्यांत ‘अमेरिकाविरोधी’ मतांचा विचार केला जाईल असे जाहीर केले. त्या शब्दाची कड कुठे संपते हे नेमके सांगितलेले नाही. ३० सप्टेंबर २०२५ रोजी बोस्टनचे संघराज्य न्यायाधीश विल्यम यंग यांनी, कायदेशीरपणे राहणाऱ्या परकीयांचे भाषणस्वातंत्र्य नागरिकांइतकेच आहे असा ठाम निकाल दिला. पण तो जिल्हा न्यायालयाचा निकाल आहे, त्याच्यावर सगळा भार टाकून बसू नका. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली, ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगण्यात आले. पुढच्या वेळी मुलीला घेऊन भारतात गेलात आणि मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाचा शिक्का मारून घ्यायची वेळ आली, की ही तपासणी तुमच्याही वाट्याला येईल.

यातून मी जो निष्कर्ष काढतो तो असा : वर्गात गप्प बसून राहण्यातला धोका अगदी थोडा आहे; त्या बसण्याचा व्हिडिओ करून तो खाली दोन जळजळीत ओळींसह टाकण्यातला धोका तितका थोडा नाही. दोन्ही गोष्टी घटनेच्या दृष्टीने अभिव्यक्तीच आहेत, आणि एका मुलीला असा हिशेब करावा लागतो याची मला लाज वाटते, पण सल्ला मागितला आहे तर तो आजच्या हवामानाप्रमाणेच द्यायला हवा. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट : कंपनीने नेमलेला वकील कंपनीचेही हित पाहत असतो. या एका प्रश्नासाठी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन तासाभराचा वेळ एखाद्या स्वतंत्र इमिग्रेशन वकिलाचा घ्या, आणि फाइल समोर ठेवून विचारा. माझ्या सदरापेक्षा त्या तासाला जास्त किंमत आहे.

तुमच्या ‘पाहुणे’ या शब्दापाशी मात्र मी थांबणार आहे. पाहुणा चार दिवस राहतो, यजमानाचे खातो आणि जाताना हातावर काही ठेवून जातो. तुम्ही ११ वर्षे संघराज्याचा कर, सोशल सिक्युरिटी, घराचा मालमत्ता कर भरत आहात, आणि त्या मालमत्ता करातून ती शाळा बऱ्याच अंशी चालते. रांग हलत नाही कारण रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यात तुमच्या मुलीची काय चूक? २१ वर्षे पूर्ण झाली की ती एच-४ मधून बाहेर पडते; वयाच्या हिशेबात थोडी सवलत देणारा कायदा आहे तो ग्रीन कार्डच्या अर्जापुरता. हे तिला ठाऊक आहे. तुम्ही जेवणाच्या टेबलावर दोघे हळू आवाजात बोलता ते मुलांना ऐकू येत नाही असे समजू नका. ज्या देशाने आपल्याला सहा वर्षांनी राहू द्यायचे की नाही हे ठरवलेले नाही, त्याला रोज सकाळी निष्ठेचे वचन द्यायला ती अडखळते, यात मला उद्धटपणा दिसत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी जे वाक्य सवयीने म्हटले ते तिने अर्थासकट ऐकले, एवढेच.

या संदर्भात प्लेजचाच इतिहास तिला सांगण्यासारखा आहे. १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी ती लिहिली तेव्हा शब्द ‘माझ्या ध्वजाशी’ असे होते. १९२३ मध्ये ते बदलून ‘संयुक्त संस्थानांच्या ध्वजाशी’ करण्यात आले, कारण बाहेरून आलेली मुले ‘माझा ध्वज’ म्हणताना मनात आपल्या मायदेशाचा ध्वज धरतील अशी शंका होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांना, ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले असूनही, ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले. भारतीयांना नागरिक होण्याची वाट १९४६ मध्ये खुली झाली. ‘देवाच्या अधीन’ हे शब्द तर १९५४ चे. जिच्या शब्दांना इतक्यांचे हात लागले, तिच्याकडे एका पंधरा वर्षांच्या मुलीने डोळे उघडून पाहिले तर ध्वजाचा अवमान होत नाही.

आणि हा प्रश्न आपल्याकडे कधी आला नव्हता असेही नाही. १९८५ मध्ये केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शाळेतून काढले होते. पंथ तोच, जेहोवाज विटनेसेस. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला लावले. परंतु त्या निकालातला एक तपशील तुमच्या घरात उपयोगी पडेल : ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, फक्त गात नसत, आणि न्यायालयाने या उभे राहण्याची आवर्जून नोंद घेतली.

म्हणून मुलीलाही एक प्रश्न विचारावा लागेल, आणि तो तुम्ही विचारावा, ओरडून नव्हे. तिचा आक्षेप शपथेला आहे की उठण्याला? शपथ खोटी ठरते ती म्हटल्याने. वर्गातल्या तिसांसोबत हात खाली ठेवून, तोंड मिटून उभे राहिल्याने कोणतेही वचन दिले जात नाही. शेजारच्या बाकावर कदाचित असा मुलगा असेल ज्याचा भाऊ सैन्यात आहे, आणि त्याच्यासाठी ते अर्धे मिनिट फार मोठे आहे. तिने त्याच्यासाठी उभे राहिलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. बसून राहण्याचाही तिला हक्क आहे. पण ‘मी म्हणणार नाही’ आणि ‘मी उठणार नाही’ ही दोन वाक्ये आहेत, आणि तिच्या कारणाला पहिलेच पुरते. हे तिने ऐकले आणि तरी बसायचे ठरवले, तर तो निर्णय विचारपूर्वक झाला असे मी मानेन आणि तुम्हीही मानावे. तुम्ही सक्ती करून तिला उभे केलेत तर शाळेला जे घटना करू देत नाही ते घरात होईल. आईवडिलांना घटना तसे करण्यापासून अडवत नाही, पण त्यानंतर ती तुम्हाला कारणे सांगणे बंद करील.

सही करा, असे माझे मत आहे. पत्र चार ओळींचे ठेवा : कलम २५.०८२ नुसार आमच्या मुलीला अमेरिकेच्या आणि टेक्सासच्या, दोन्ही ध्वजांच्या प्लेजमधून सूट द्यावी. ती त्या वेळी शांत राहील, इतरांना व्यत्यय आणणार नाही. एक मिनिटाची शांतता ती पाळील. पत्र मिळाल्याची लेखी पोच द्यावी. कारण लिहू नका. कायदा कारण मागत नाही, आणि लिहिलेले कारण हाच पुढे कोणाच्या तरी हाती लागणारा मजकूर असतो. तुमच्या ग्रीन कार्डच्या भीतीवरचा अर्धा उतारा या एका वाक्यात आहे. मसुदा मुलीला करू द्या, सही तुम्ही दोघांनी करा, आणि नवे वर्ष सुरू होताना प्रत पुन्हा द्या, कारण शिक्षक बदलतात आणि त्यांना फाइल वाचायची सवड नसते. त्यानंतरही कोणी शिक्षा केली किंवा वर्गासमोर टोचून बोलले, तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि प्रिन्सिपलांना लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेच्या टेक्सास शाखेकडे जाता येते.

इतर राज्यांतल्या वाचकांनी हे पत्र जसेच्या तसे उचलू नये. पालकांच्या पत्राची अट सगळीकडे नाही; जिथे ती नाही तिथे मुलाचा स्वतःचा नकार पुरतो आणि पत्र देऊन उगीच नवा पायंडा पाडायचे कारण नाही. आपल्या राज्याच्या शिक्षण संहितेतले कलम आणि शाळेची विद्यार्थी-पुस्तिका आधी वाचा. खासगी शाळेत मात्र हा सगळा युक्तिवाद लागू नाही, कारण घटना सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. तिथे प्रवेशाच्या वेळी तुम्ही ज्या नियमांवर सही केली तेच पाहावे लागतील.

राहिला माफीचा प्रश्न. व्हाइस प्रिन्सिपलांनी मुलीला शिक्षा न करता तुम्हाला विचारले आणि दोन्ही पर्याय सांगितले, हे त्यांनी नीट केले. ई-मेलच्या उत्तरात त्यांचे आभार माना आणि पत्र जोडा. ‘सॉरी’ हा शब्द त्यात घालू नका. तुमची मुलगी तो ई-मेल वाचणार आहे.